वेईचं हॉस्पिटल

जर्सी सिटी,
१२ फेब्रुवारी २००६

ती. सौ. मृणालिनी मावशीस उल्काचा सा. न. वि. वि.

फोनवर रडू येईल म्हणून लिहिते. आर्किटेक्चरला माझ्या वर्गात होता तो चिनी मुलगा, वेई, काल आफ्रिकेला गेला. चीन सरकार तिथल्या एका गावाला मदत म्हणून हॉस्पिटल बांधून देतंय. त्याला मॅनहॅटनमध्ये बँकेच्या इमारतीचं काम मिळत होतं. मीच म्हटलं, गरज असेल तिथे बांध. परतल्यावर आम्ही लग्न करणार आहोत. मीही जाणार होते, पण कुटुंब नेता येत नाही हे त्यानं करारावर सही केल्यावर कळलं. सगळी टीम कुंपणाच्या आत राहते. फरशा, खिडक्या, आचारीसुद्धा चीनमधून येतात.

आईला लग्नाचं तू सांगशील? मी घरातली पहिली पदवीधर म्हणून तिनं गावभर पेढे वाटले होते. माझा धीर होत नाही.

काकांना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
उल्का

प्लेनो, टेक्सास,
५ मार्च २००६

चि. उल्का हिस अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं. मग तिनं विचारलं, तो भात खातो ना? खातो म्हटलं. तेव्हा निम्मं काम झालं समज. तुझे काका म्हणतात, जगाचं भलं करायला नवरा धाडणारी आपल्याकडे तू पहिलीच. पण बाळा, त्याच्या पत्रांत हॉस्पिटल किती असतं आणि तू किती, हे मला खरं सांग.

जेवत जा. आम्ही आहोत.

तुझी,
मावशी

जर्सी सिटी,
१८ नोव्हेंबर २००७

ती. सौ. मावशीस सा. न. वि. वि.

हॉस्पिटल पूर्ण झालं. वेईनं फोटो पाठवलाय. हिरव्या कौलांचं छप्पर, दोन देशांचे झेंडे. किल्ली सोपवली की टीम निघते, अशी त्यांची रीत. टीम पुढच्या देशात स्टेडियम बांधायला गेली, आणि तोही गेला. मला न विचारता त्यानं सही केली. लिहितो, तुझ्यामुळे मला माझं काम सापडलं, आता माझी वाट पाहू नकोस.

फोटोत पायरीवर एक बाई आहे, पाठीला मूल बांधलेलं. तिला हॉस्पिटल मिळालं याचा मला मनापासून आनंद वाटतो. आणि तरी, मावशी, तिचा हेवा वाटतो. मग त्याची लाज वाटते.

शुक्रवारी तुझ्याकडे येते. काही विचारू नकोस, नुसती जवळ बसू दे.

तुझी,
उल्का