दोनशे मीटर आणि एक कार्बोरेटर

१६ ऑगस्ट २०१४, शनिवार. हॅनोव्हर

आज कोलोनहून पाच माणसं गॅरेज घाण करायला आली.

उवे दोन दिवस ते गॅरेज घासत होता. उवे म्हणजे माझ्या मुलाचा, जयंताचा शेजारी, निवृत्त बसड्रायव्हर आणि गाडीतला अर्धा भागीदार. टीव्हीवाले येणार म्हणून फरशी अशी केली होती की वर पान वाढावं. साबिने नावाची दिग्दर्शिका दारातच थांबली. तिचा चेहरा पडला. जयंताने मला तिचं म्हणणं सांगितलं — "हे ऑथेंटिक वाटत नाही." मग त्यांच्यातल्या एकाने डबा उघडून काळं तेल शिंपडलं, आपल्याकडे सडा घालतात तसं. उवे फडकं घेऊन मागोमाग. हा शिंपडतोय, तो पुसतोय. शेवटी उवेला कॉफी प्यायला बाहेर नेलं तेव्हा कुठे गॅरेज खरं दिसू लागलं.

प्रकार असा आहे. जुनी मोटार घ्यायची, छप्पर कापून बुटकं करायचं, बॉनेट काढून टाकायचं, आत मोठं इंजिन बसवायचं. याला हॉट रॉड म्हणतात. मग गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर दोन दोन गाड्या शेजारी उभ्या करून सोडायच्या. अंतर दोनशे मीटर. बक्षीस म्हणून जुन्या पिस्टनवर नाव कोरून देतात. माझा मुलगा आठवडाभर कंपनीत ब्रेक डिझाइन करतो आणि सुट्टीच्या दिवशी हे करतो. वय एकेचाळीस.

संध्याकाळी त्याने कार्बोरेटर माझ्या हातात ठेवला. "धरा बाबा, बघा कसा चकचकीत केलाय." जड होता, गार होता. मी लगेच परत दिला.

अठरा सप्टेंबरला माझं परतीचं विमान. तीन महिन्यांच्या व्हिसावर मी एक वाक्य बोलायला आलोय. दोन महिने संपत आले.

१७ ऑगस्ट

आजही नाही. जयंता दिवसभर गाडीखाली. नुसत्या पायांशी काय बोलणार?

२० ऑगस्ट

साबिनेचा शुभदाला फोन. रविवारी नव्हे, शनिवारीच शर्यत. तुम्ही साडी नेसाल का, आणि गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायची तुमच्यात पद्धत आहे ना? सूनबाई सॉफ्टवेअरवाल्या. "बाबा, आपण ठेवतो का हो लिंबू?" मी म्हटलं, तुझ्या सासूने स्कूटरला ठेवलं होतं एकदा, स्कूटर तरी चोरीला गेली. तरी बिओच्या, म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानातून चार लिंबं आणली आहेत.

नातीला, मुक्ताला मराठीत विचारलं, तू येणार ना गं शर्यतीला? "नातुर्लिष," म्हणाली, म्हणजे अर्थातच. बारा वर्षांची आहे. समजतं सगळं, उत्तर जर्मनमध्ये. मी तिला चौथीच्या पुस्तकातली पहाटेची कविता शिकवायला घेतली होती. दोन कडवी झाली. तिसरं मलाच आठवेना. तीस वर्षं वर्गात म्हणून घेतली ती कविता.

२३ ऑगस्ट, शनिवार

मोठा दिवस. क्रमाने लिहितो.

धावपट्टीच्या भेगांतून गवत उगवलेलं. शे-दीडशे माणसं, सॉसेजचा धूर, घडीच्या खुर्च्या. शुभदा साडीत, साडीवर रेनकोट. चाकाखाली लिंबू ठेवणार तेवढ्यात पिवळ्या जाकिटातला पंच धावत आला — धावपट्टीवर निसरडं काही चालणार नाही. साबिने त्याच्याशी दहा मिनिटं भांडली. लिंबं शेवटी चहात गेली.

शर्यत केवढी? गाड्या सुटल्या की मी मनात कविता सुरू करतो. पहिल्या कडव्याच्या चौथ्या ओळीला दोघेही पलीकडे. एवढ्यासाठी वर्षभर खपायचं! पण ती सुटण्याआधीची थरथर मात्र — वर्गात कविता म्हणायला उभं राहिलेल्या पोराच्या गुडघ्यांत असते तशी. ते मला कळलं.

जयंता अंतिम फेरी जिंकला. चाकभर अंतराने. उवेने मला उचललंच. आणि साबिने पळत आली: कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो, निर्णायक क्षण मिळाला नाही, पुन्हा एकदा पळाल का, अगदी जसंच्या तसं? पुन्हा पळाले. या खेपेला जयंता हरला. साबिने खूश, म्हणाली हे जास्त ऑथेंटिक आहे. पिस्टन घरी आणलाय, नाव आमचं.

आता ते लिहितो.

दुपारी मला खुर्चीत बसवलं. साबिनेने मुक्ताकरवी सांगितलं: मुलाविषयी वाटेल ते बोला, तुमच्याच भाषेत. चेहरा हवा. वर जर्मन आवाज टाकू, तुमचा आवाज ऐकूसुद्धा येणार नाही. मग मुक्ता वाफल आणायला गेली. जयंता लांब, रांगेत उभा. समोर तीन जर्मन माणसं.

मी कविता सुरू केली. तिसऱ्या कडव्याशी अडलो. साबिने मान हलवून 'पुढे, पुढे' खुणावत होती. आणि पुढे जे आलं ते हे —

"एक्क्याण्णव साली या पोराने आणि रूपेशने इस्लामपुरात राजदूतची मोडतोड करून शर्यतीची गाडी बनवली होती. कोल्हापूरला पळवणार होते. बारावीची परीक्षा पंधरा दिवसांवर. मी भल्या पहाटे जयंताच्या किल्लीने शेडमध्ये गेलो, कार्बोरेटर काढला, पंच्यात गुंडाळला आणि शाळेच्या मागच्या विहिरीत टाकला. शेडच्या किल्ल्या दोनच, एक जयंताकडे, एक रूपेशकडे. जयंताने रूपेशला चौकात चोर म्हटलं, थोबाडीत मारली. मी तिथे उभा होतो. माझ्या वर्गातला मुलगा तो, रूपेश. मी काही बोललो नाही."

हेडफोनवाला तरुण डोळे मिटून ऐकत होता, गाणं ऐकावं तसं. साबिने म्हणाली, "वुंडरबार." म्हणजे अप्रतिम.

तेवीस वर्षांनी बोललो. कोणाला? कॅमेऱ्याला. तरी हलकं वाटलं. बरी सोय आहे ही — पाप कबूल करायचं आणि कुणाला कळूही द्यायचं नाही.

२९ ऑगस्ट

गणपती. एकवीस मोदक. उवेने नऊ खाल्ले.

३ सप्टेंबर

दुपारी फोन. मराठी मुलीचा आवाज. "काका, मी ऊर्मिला. कोलोनला शिकते. तुमचा तुकडा माझ्याकडे भाषांतराला आलाय."

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"एक विचारू का? हे टीव्हीवर जाणार म्हणून माहीत होतं ना तुम्हाला?"

म्हटलं, जर्मन आवाज टाकणार होते ना वर?

"हो, पण तो आवाज मी लिहीन तेच बोलणार. आणि मी तुम्ही म्हणालात तेच लिहिणार. मुलाला माहितीये?"

नाही.

"शुक्रवारी मजकूर द्यायचाय. तोपर्यंत तुम्ही बोलून घ्या त्यांच्याशी. नाहीतर — सांगा मला. इथे दुसऱ्या कुणाला मराठी येत नाही."

शहाणी मुलगी. दोन्ही दारं उघडी ठेवून गेली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. सकाळपासून भारतातून अकरा फोन. एक फौजदार झालाय, एक आमदाराच्या मागे फिरतो. "सर, तुम्ही घडवलंत." रूपेशचा कधीच येत नाही. यायचं कारणही नाही.

जयंता रात्रपाळी नसूनही उशिरा येणार म्हणाला. मी ऊर्मिलाला फोन केला. म्हटलं, असं लिही — गावची पहाट, पाखरं, कवितेतलं दव, मुलाचा अभिमान वगैरे.

"बरं काका. तुम्ही म्हणाल तसं."

रागावली असती तर बरं झालं असतं.

१० सप्टेंबर

जयंताबरोबर खिळे-स्क्रूच्या मोठ्या दुकानात. गाडीत दोघंच. म्हटलं, जयंता, ती राजदूत आठवते?

"आठवते ना."

आणि रूपेश?

"त्या चोराचं नाव नका काढू बाबा. मी लग्नाला बोलावलं नाही त्याला, आज काय?" मग गिअर टाकून हसला. "पण एका अर्थी बरंच केलं त्याने. नाहीतर मी बारावी नापास झालो असतो."

आता यानंतर काय सांगायचं? स्क्रू घेतले. मी ट्रॉली ढकलली.

१४ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी पाचला कार्यक्रम. सोफ्यावर सगळे. उवे टाय लावून आलेला. शुभदाने चकल्या केल्या होत्या. मी निर्धास्त. दव आणि पाखरं येणार होती.

सुरुवातीला साबिने स्वतःच पडद्यावर. उवे कान देऊन ऐकत होता, जयंताने मला मराठीत सांगितलं: या भागात आम्ही कुणाच्याही तोंडावर दुसऱ्याचा आवाज घातलेला नाही, माणसं त्यांच्याच आवाजात ऐका. जर्मन फक्त खाली अक्षरांत.

माझ्या हातातली चकली हातातच राहिली. खाली काय लिहायचं याची मी दहा दिवस काळजी वाहिली. वर माझंच मराठी बोलणार होतं, आणि या घरात मराठी कळणारी तीन माणसं.

उठून टीव्ही बंद करता आला असता.

तेल शिंपडलेलं गॅरेज आलं. रेनकोट आला. मग मी. कविता. तिसरं कडवं. आणि स्वच्छ, खणखणीत, शब्दन् शब्द — त्या हेडफोनवाल्याने काम फार चांगलं केलं होतं. उवे खालची अक्षरं वाचत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, "श्योन, पद्माकर. जेअर श्योन." सुंदर, फार सुंदर. तो दव वाचत होता. जयंता विहीर ऐकत होता.

मुक्ता जर्मनमध्ये म्हणाली — शुभदाने मला नंतर सांगितलं — "पण आजोबा असं नाही बोलत आहेत. खाली चूक लिहिलंय."

पडद्यावर जयंता शर्यत हरला. घरातल्या फळीवर त्याचा जिंकलेला पिस्टन. कोणी हसलं नाही.

जयंता पडद्याकडेच बघत म्हणाला, "कुठली विहीर? शाळेची?"

हो.

"आणि मी मारलं तेव्हा तुम्ही तिथे होतात. पानाच्या दुकानापाशी. मला आठवतंय. मला वाटलं, तुम्ही माझ्या बाजूने उभे आहात."

गॅरेजमध्ये गेला. इंजिनाचा आवाज आला नाही.

१५ सप्टेंबर

जयंता चहा न घेता कामावर. शुभदा म्हणाली, "बाबा, दोन घास खाऊन घ्या." मुक्ता शाळेतून आली, माझ्याजवळ बसली, मोबाइलवर खेळत राहिली. जवळ बसली तेवढं पुष्कळ.

माझी बायको, प्रभा, तेव्हा दोन दिवस तो पंचा शोधत होती. "घरातला पंचा जातो कुठे?" मग एकाएकी शोधायचं थांबली. माझ्याकडे बघितलंन्, आणि नवा आणला. तिनेही कधी विचारलं नाही. जाईपर्यंत नाही. आमच्या घरात सगळ्यांचं पाठांतर चांगलं, म्हणणारं कोणी नाही.

बॅग भरायला काढली.

१६ सप्टेंबर

जयंता दुपारीच घरी आला. कुठून कुठून रूपेशचा नंबर मिळवलेला. स्वतः लावला, वाजू लागल्यावर फोन माझ्यापुढे टेबलावर ठेवला. "बोला. मराठीतच."

"सर? तब्येत कशी आहे?" माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून त्याने आवाज ओळखला. मी ते वाक्य बोललो. एकच आहे, छोटं आहे.

"माहितीये सर. त्या पहाटे मी मैदानावर धावायला आलो होतो. चिंचेखालून बघितलं तुम्हाला. दुसऱ्या दिवशी विहिरीत गळ टाकून काढला तो कार्बोरेटर. पण परत द्यायचा म्हणजे कुठे सापडला ते सांगावं लागलं असतं." मागे कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज. "वाटलं, सर सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. म्हणून ठेवून दिला. पंचाही आहे, सर. धुऊन ठेवलाय."