डेलच्या मचाणाची दोरी

मी, ऑर्विल हेन्री टेस्के, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार प्राइस काउंटी, विस्कॉन्सिन, व्यवसाय वेल्डिंग (आता बंद), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काय करायचंय! यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

१. घर, मागचं चाळीस एकर रान आणि बँकेतली शिल्लक माझी धाकटी बहीण मार्लिस कोवाल्के हिला द्यावी. मी लग्न केलं नाही. दर नाताळला तिच्याच टेबलावर जेवलो. मात्र तिने काहीही स्वीकारण्यापूर्वी कलम चार तिला वाचून दाखवावं.

२. वर्कशॉपमधली हत्यारं गावच्या अग्निशामक दलाला. शेजारी आर्लो झास्त्रोला काहीही देऊ नये. माझं ड्रिल, माझी करवत आणि माझी शिडी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून त्याच्याकडेच आहेत.

३. हरणाच्या शिकारीची माझी दोन्ही मचाणं गॅसने कापून भंगारात घालावीत. कोणी कितीही मागितली तरी देऊ नयेत. पंचक्रोशीतली माणसं आपली मचाणं माझ्याकडे आणायची, कारण माझ्या हातचं मचाण वाजत नसे. खोडाभोवती अडकवायच्या तारेच्या दोरावर मी रबरी नळी चढवायचो, पायाखाली जुना गालिचा चिकटवायचो, प्रत्येक बोल्टखाली वायसर घालायचो. फार मिजास होती मला त्याची.

४. झाडावर चढायच्या मचाणाचे दोन सुटे भाग असतात. वरच्यावर बसायचं, खालच्यावर उभं राहायचं, आणि दोन्ही आळीपाळीने सरकवत खोडावर चढायचं. हे दोन भाग दोरीने एकमेकांना बांधावेच लागतात. नाहीतर खालचा निसटून जमिनीवर गेला, की माणूस अधांतरी लटकतो आणि शेवटी पडतो.

मार्लिसचा नवरा डेल याचं मचाण दोन हजार दोनच्या नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे होतं. त्याच्या दोरीचा लोखंडी हूक वाजायचा, म्हणून मी ती दोरी काढली. बिनआवाजाची बांधणार होतो. शुक्रवारी संध्याकाळी डेल आला. दुसऱ्या दिवशी शिकारीचा हंगाम उघडणार होता.

"काय मेव्हण्या, झालं की नाही? की हरणांना आमंत्रण पाठवून मग देणार आहेस?"

"कधीच झालंय," मी म्हणालो. "ने, आणि उद्या निदान एकदा तरी नेम लाव."

दोरी माझ्या ध्यानातच नव्हती. दोन्ही भाग एकदा सुटे करून पाहिले असते, तर कळलं असतं; डेल तर ते पहाटे अंधारात लावणार होता. थट्टेच्या नादात तेवढंही केलं नाही.

शनिवारी सकाळी नऊला डेल मला मेपलच्या झाडाच्या मुळाशी सापडला. मचाणाचे दोन्ही भाग शेजारी पडले होते. मी त्याची नाडी दोनदा पाहिली. तो गेला होता. मग मी तीनशे पावलं मागे गेलो, माझ्या मचाणाची दोरी सोडून आणली, त्याच्या मचाणाला नीट गाठी मारून बांधली आणि त्यानंतर मदत बोलवायला गेलो. गाठी मारताना माझे हात कापले नाहीत. याची मला अजून लाज वाटते.

सरकारी कागदावर लिहिलं गेलं की पाय घसरला आणि सुरक्षेचा पट्टा बांधलेला नव्हता. पट्टा मार्लिसच्या शिलाई मशीनवर होता. त्याची शिवण उसवली म्हणून तिने काढून घेतला होता. "मी तो वेळेत शिवला असता तर," असं ती बावीस वर्षं म्हणत आली, आणि मी तिच्या हातची बटाट्याची भाजी खात खाली मान घालून बसलो. पट्टा असता तर डेल कदाचित वाचला असता. पण दोरी असती तर तो पडलाच नसता. मार्लिस, दोष तुझा नाही. तो माझा आहे, आणि मी तो तुझ्यावर ढकलला.

५. हे माझ्यामागे वाचावं असं वकिलाला सांगितलं होतं. काल वाटलं, हासुद्धा पळपुटेपणाच. आज मार्लिसला वकिलाच्या कचेरीत बोलावून कलम चार मी स्वतः वाचलं.

"मी तो पट्टा अजून कपाटात ठेवलाय," ती म्हणाली. "शिवून ठेवलाय रे! आणि तू मला म्हणायचास, 'जाऊ दे मार्लिस, झालं ते झालं.' तुझी जीभ रेटली तरी कशी?"

मी माफी मागितली. तिने दिली नाही. मग तिने साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "इथे सही कोण करणार?"

"तुम्ही नको," वकील म्हणाले. "साक्षीदाराचं मृत्युपत्रात नाव असेल, तर त्याचा वाटा जाऊ शकतो."

"कळलं मला," मार्लिस म्हणाली. "पेन द्या."

मृत्युपत्र करणार: ऑर्विल एच. टेस्के

साक्षीदार: १. ल्युएला ब्राँडनर, कचेरीतील कारकून
२. मार्लिस कोवाल्के, डेलची बायको

फिलिप्स, विस्कॉन्सिन
९ ऑक्टोबर २०२४