आईनं मागितलेली एक संध्याकाळ

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळी सव्वासहा.

दुकानात आरशाच्या कडा घासत होतो. दादाचा फोन आला. आईच्या हृदयाची झडप बदलायलाच हवी म्हणतात. तारीख मिळाली — १३, गुरुवार, सकाळी. हातातला आरसा आधी खाली ठेवला, मग पुढचं ऐकलं. बरं झालं. नाहीतर फुटला असता.

घरी आलो तर आई भाजी निवडत बसलेली. जसं काही दुसऱ्याच कुणाचं ऑपरेशन आहे!

"तोंड पाडू नकोस. ऐक. मला एकच हवंय. आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दोघं भाऊ माझ्याजवळ बसा. हात धरा आणि एकत्र प्रार्थना करा. बाकी डॉक्टर बघतील."

म्हटलं, आम्ही दोघंही करतोच की तुझ्यासाठी, रोज.

"आपापल्या चुलीवर करता. मला एका ताटात हवी."

हो म्हणालो. पण जमायचं कसं? दादा जुन्या चर्चमध्ये जातो, बाबांच्या. तिथं प्रार्थना पुस्तकातून, उभं राहून, शांतपणे. मी आईच्या मंडळीच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये, गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. तिथं सगळे एकदम, मोठ्यानं, ज्याच्या त्याच्या शब्दांत. लहानपणापासून तसंच — रविवारी दादा बाबांचं बोट धरून डावीकडे, मी आईचं बोट धरून उजवीकडे. बाबा गेले तरी रस्ते तेच राहिले.

दोघांनी एकत्र प्रार्थना केल्याचं मला आठवत नाही. आज पहिल्यांदाच हे लक्षात आलं.

गुरुवार, ६ मार्च

दादाशी फोनवर ठरवायला गेलो.

दादा — "पंधरा मिनिटं. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना आहे पुस्तकात, ती वाचू. आरडाओरडा नको. तिचं हृदय आहे, ढोल नाही."

मी — आपल्याच आईसाठी दुसऱ्याचे शब्द कशाला वाचायचे?

दादा — "तुझे शब्द ऐकलेत मी. तीन वाक्यं असतात. तीच तीसदा म्हणतोस."

फोन ठेवला. रागानं नाही — नाही, रागानंच. मग मीच परत लावला. वहिनीनं उचलला.

"काय हो भाऊजी, वाटणीला बसलाय का दोघं? आई म्हणतात प्रार्थना करा, आणि इथं तासभर खल चाललाय, कुणी किती करायची!"

तिनंच तोड काढली. आधी दादा वाचणार, एकच प्रार्थना. मग मी, माझ्या शब्दांत, बेतानं. शेवट आई करणार. दोघांनीही मान्य केलं. विजय मिळाल्यासारखं वाटलं. कुणावर, ते कळलं नाही.

रविवार, ९ मार्च

हॉलमध्ये पाळकांनी आईचं नाव घेऊन प्रार्थना केली. सगळ्यांनी हात वर केले. छान वाटलं. दादाच्या चर्चमध्येही आज तिचं नाव घेतलं म्हणे. वहिनीनं सांगितलं. मी "हं" म्हणालो. नुसतं "हं".

बुधवार, १२ मार्च

हे लिहू नये असं वाटतं. पण लिहितो.

दादा आणि वहिनी सातला आले. आईनं केस नीट विंचरले होते. पलंगाच्या कडेला बसली. मी एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला, वहिनी समोर स्टुलावर. दादानं पुस्तक काढलं. बाबांचंच, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. तो उभा राहिला आणि वाचू लागला. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचा आवाज एरवी दोन मजले खाली ऐकू जाईल असा. पण वाचत होता हळू, एकेक शब्द जपून.

चांगली प्रार्थना होती. हे आता लिहितोय. तेव्हा मी काय करत होतो? चुका शोधत होतो! त्यानं आईचं नाव एकदाच घेतलं, हे मोजत होतो.

त्याची प्रार्थना संपली. आई "आमेन" म्हणाली. वहिनी "आमेन" म्हणाली. मी म्हणालो नाही.

मुद्दाम. ओठ मिटून घेतले. वाटलं, जे मनापासून नाही त्याला कशाला साथ द्या? त्याच्या मनात काय होतं ते मला काय माहीत, हा विचार तेव्हा शिवलासुद्धा नाही.

दादानं माझ्याकडे पाहिलं. थांबला. खरंच थांबला होता, म्हणायला संधी दिली होती.

"आमेन म्हणायला जीभ झडते का रे?"

"वाचलेल्याला कसलं आमेन?"

"बाबा हेच वाचायचे."

"म्हणून काय झालं?"

काय हे बोललो मी! दादानं पुस्तक मिटलं. "मग तुझा गोंधळ ऐकायला मी कशाला थांबू?" वहिनी म्हणाली, "अहो, बसा ना, आईंकडे तरी बघा." तो गेला. ती त्याच्या मागे. जाताना आईच्या पाया पडायचं राहिलं म्हणून परत आली, डोळे भरलेले.

आईनं दोन्ही हात पुढे केलेले होते. तळवे वर. एक माझ्याकडे, एक दादाच्या रिकाम्या जागेकडे. मी माझ्याकडचा धरायच्या आत तिनं दोन्ही मांडीवर घेतले.

म्हणाली, "पिशवीत टॉवेल ठेवलास का?"

गुरुवार, १३ मार्च

ऑपरेशन नीट झालं. देवाचे उपकार.

दवाखान्यात मी बाकाच्या या टोकाला, दादा त्या टोकाला. दोघांचे ओठ हलत होते. मधल्या जागेत लोक येऊन बसत, उठून जात. डॉक्टर बाहेर आले. "झालं व्यवस्थित," एवढंच म्हणाले. दादा आणि मी एकदम उभे राहिलो. मग दोघांनी दोन वेगवेगळ्या भिंतींकडे पाहिलं.

देवाला आमच्या दोघांच्या प्रार्थना वेगवेगळ्या पोचल्या असतीलच. तो काही टोकन देऊन एकेकाला बोलावत नाही. पण आईला काल रात्री काय पोचलं? ती अंथरुणावर कूस बदलत होती. मी पडद्याच्या अलीकडून ऐकत होतो. उठून गेलो नाही. काय तोंडानं जाणार!

सोमवार, १७ मार्च

आईला साध्या वॉर्डात आणलं. भेटायच्या वेळेला जरा आधीच पोचलो. तिच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला. डॉक्टर तपासतायत वाटून बाहेर थांबलो.

तपासणी नव्हती. पडद्याच्या फटीतून दिसलं, प्रार्थना चालली होती. शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाई पाठ असलेलं काहीतरी संथ म्हणत होत्या. वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशी मध्येच मोठ्यानं "होय बापा, होय बापा" करत होत्या. एक नर्सही होती, ती एक शब्द बोलत नव्हती. तिघींची तीन चर्चं असणार. माझ्या डोक्यात पहिला विचार तोच — कुठलं चर्च! लाज वाटली.

मग आमेन. चौघींचं. आईचं सगळ्यांत मोठं, टाके असताना!

पडदा सरकला. आई म्हणाली, "आलास? बस. ह्या बघ, माझ्या मैत्रिणी." सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "तुझ्यासाठी पण मागितलं हो बाळा. आणि तुझ्या भावासाठी." आईनं ह्यांना सांगितलं तर! मी औषध आणायचं निमित्त करून खाली गेलो. औषध खिशातच होतं.

जे मुलांकडे मागितलं ते तिला परक्यांनी दिलं. न मागता.

शुक्रवार, २१ मार्च

आई घरी आली. दादानं आणलं. मी कामावर होतो तेव्हा. तसंच ठरवलं असणार.

शनिवार, २२ मार्च

प्रार्थनेला बसलो. जमली नाही.

रविवार, २३ मार्च

हॉलमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभं केलं. काल रात्री लिहून, शुद्धलेखन दोनदा तपासून नेलेली — ‘आशीर्वाद’मधली शी दीर्घ. कुणाला दिसणार होती ती! म्हणालो, मंडळीच्या प्रार्थनेनं आई वाचली. टाळ्या. मग वहिनीकडून कळलं, तिकडे दादानंही आज उभं राहून आभार मानले. एका आईसाठी दोन ठिकाणी आभार, आणि दोन्हीकडे दुसरा भाऊ नाहीच. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, बाईला एकच मुलगा.

सोमवार, २४ मार्च

दुकानात मालकांनी विचारलं, आई कशी आहे. का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. ते चर्चचे नव्हेत. चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते.

"म्हणजे एकाच साहेबाकडे दोघांनी अर्ज टाकला, एकाच कामाचा. आणि भांडण कशावरून, तर मजकुरावरून?"

हसलो. दुपारी काच कापताना रेघ चुकली. चांगला मोठा तुकडा वाया गेला.

बुधवार, २६ मार्च

दादाला फोन करायचा, असं तीन दिवस ठरवतोय. काय म्हणायचं तेही ठरवलं. "चुकलं" म्हणायचं. एका शब्दाचं काम. अजून केलं नाही.

गुरुवार, २७ मार्च

आईला सकाळची गोळी दिली आणि म्हणून टाकलं — त्या संध्याकाळी दादाला आमेन म्हणायला हवं होतं.

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझे बाबा आतल्या खोलीत पुस्तकातून म्हणायचे. मी स्वयंपाकघरात माझं म्हणायचे. मध्ये एक भिंत. ते थांबले की मला कळायचं, आता आमेन. मी एकदाही म्हणाले नाही. सगळा संसार झाला, एकदाही नाही. ते गेले त्या दिवशीसुद्धा नाही." आणि म्हणाली, "ऑपरेशनला मी भ्याले नव्हते रे. वर गेले आणि ते भेटले, तर पोरांचं काय सांगू, याला भ्याले होते."

दादाला फोन लावला. म्हटलं, ये. आत्ता ये.

त्यानं विचारलं, "पुस्तक आणू की नको?"

"आण."