नाटकातली पेशंट

आये, सगळ्यात आधी कोण आलं म्हणशील तर सोफा आला. माणसं नंतर. विरारच्या मंडपवाल्याचा टेंपो आपल्या सरकारी दवाखान्याच्या दारात थांबला आणि लाल मखमलीचा सोफा उतरला, लग्नात नवरानवरीला बसवतात तसला. तो मुंबईच्या पाहुण्यांना आणि डॉक्टरला. नर्सबाई, औषधं देणारा, मलेरियावाला यांना प्लास्टिकच्या खुर्च्या. दाया आणि अंगणवाडीच्या बाया खाली सतरंजीवर. मागं फडकं बांधलेलं, ‘आपण सारे एक टीम’. सगळ्यांनी मिळून पेशंट कसा बघायचा ते शिकवायला पाहुणे आले होते म्हणे. मला तिथंच शिसारी आली. तू असतीस तर सतरंजीवर बसून पान लावता लावता सोफ्याकडे बघून असं काही बोलली असतीस की, जाऊ दे, कागदावर लिहिण्यासारखं नाही ते.

मी कशाला गेले होते, तर सुनेला घेऊन. आठवा सरत आलेला, तोंड सुजून पावासारखं झालेलं, आणि डोकं फुटतंय म्हणून रात्रभर कण्हत होती. दारावर कागद, आज तपासणी बंद. नर्सबाई धावत बाहेर आली, म्हणाली, “मावशी, बसा जरा, जेवणाच्या सुट्टीत बघते.” बसलो व्हरांड्यात. आत काय चाललंय तर लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकतायत आणि हसतायत. एवढी मोठी माणसं. सुनेचा हात माझ्या हातात गार पडत होता आणि आतून टाळ्या ऐकू येत होत्या.

मला नंदाखाल गावातलं आपलं जुनं स्वयंपाकघर आठवलं. गुरुवार आहे, तू दाई म्हणून बायका बघायचा वार, चुलीवर कोरा चहा उकळतोय, नर्सबाई चपला काढून पाटावर बसलीय, म्हातारा डॉक्टर उंबऱ्यावर, आणि तू पोटुशी बाई चुलीच्या उबेला बसवलीयस. मी मध्येच तोंड घालते, “हिचे पाय सुजलेत.” तू पाठीत धपाटा घालतेस. “तुझे पाय हायेत का? दुखतंय तिला बोलू दे.” डॉक्टर हसतो आणि मग तोही गप्प बसून ऐकतो. तिचं झालं की नर्सबाई तुला विचारते, तू डॉक्टरला विचारतेस, आणि चहा संपेस्तोवर कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं. भिंतीवर आपल्या फक्त काजळी होती.

तर इकडं, कडक इस्त्रीच्या साडीतली एक पाहुणी बाहेर आली. “आम्हाला नाटकासाठी पेशंट हवीय,” म्हणाली, आणि सुनेच्या पोटाकडे बघून, “ह्या तर अगदी योग्य!” मला वाटलं, चला, निदान आत तरी नेतायत. नाटकात सगळ्यांची कामं बदललेली. मलेरियावाला डॉक्टर झालेला, गळ्यात नळी. खरा डॉक्टर नवरा, नर्सबाई सासू. खरी सासू दारात उभी.

“काय होतंय?” मलेरियावाल्यानं विचारलं.

“डोकं लय दुखतंय. डोल्यापुढं अंधारी येते.”

“किती नैसर्गिक बोलतात ह्या,” पाहुणी म्हणाली.

मलेरियावाल्यानं हातातला कागद वाचला, “प्रेशर नॉर्मल आहे. घाबरू नका.” टाळ्या. मी आत जायला लागले तर पाहुणीनं हातानंच थांबवलं, “आजी, नाटक चालू आहे.”

माझी सून मिठागराकडची, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. पण त्या दिवशी म्हणाली, “अवो, कोनी मशीन तर लावा. मी नाटक नाय करत. मला तुमी दोन-दोन दिसताय.”

त्याच्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. फक्त नवरा झालेला डॉक्टर हसता हसता थांबला. उठून तिचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाला, “मशीन.” नर्सबाईनं आणलं. आकडा लय वर गेलेला. “गाडी,” डॉक्टर म्हणाला.

गाडी पाहुण्यांचीच. त्यांचा साहेब म्हणतो, “पण गाडीला आमचं जेवण आणायला जायचंय.”

आये, मी बाळंतिणींची घाण काढलीय, पू धुतलाय, कधी नाक मुरडलं नाही. त्या वाक्यानं मला ओकारी आली. डॉक्टरनं त्याच्याकडं पाठ केली. ड्रायव्हरला हाक मारली, नर्सबाईनं इंजेक्शन दिलं आणि दोघं सुनेला धरून मागं बसले. मलेरियावाला गळ्यात नळी तशीच घेऊन मोठ्या दवाखान्यात फोन करायला पळाला. गुंडा न फेकता झालं सगळं.

नात झाली. आधीच आली म्हणून मुठीएवढी होती. आता अशी गुबगुबीत झालीय की मांडीवर मावत नाही, आणि नवा दात माझ्याच बोटावर लावून बघते. सूनही बरी आहे. दिवसभर मी हसतच असते, शेजारीण म्हणते आजीला वेड लागलं.

आणि आता पाहुण्यांचा निरोप आलाय. नातीचा फोटो हवाय, त्यांच्या पुस्तकात छापायला. एकत्र काम केल्यानं वाचलेलं बाळ म्हणून. सोफाही मागवलाय म्हणे. ऐकून इतका उबग आला की नर्सबाईला सांगितलं, आणणार नाही. ती म्हणाली, “मावशी, तुमची मर्जी. पण फोटोत मीही असणार आहे.”

हा कागद तुझ्या जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवणार होते. पण ते लुगडं काल कापलं. त्याचं झबलं शिवलंय आणि त्यात ती इतकी गोड दिसते की कोणीतरी बघावं असं वाटतं. फोटोला नर्सबाईच्या मांडीवर देईन, पण सतरंजीवर, सोफ्यावर नाही. पाहुणे गुरुवारी परत येतो म्हणालेत.