झाडाखालून निघ

४ मे, रविवार
आज मंठाळ गावात खेळ. बाया बऱ्याच होत्या. गेल्या साली तालुका ऑफिसानं आम्हा तिघांना विजेचा खेळ गावोगाव करायचं काम दिलं, तेव्हा शिवराज म्हणाला होता, वीज पडू नये म्हणून नाटक? मी म्हणलं, पडू नये म्हणून न्हाई रे, माणूस मरू नये म्हणून.
खेळ साधाच. शिवराज शेतकरी, पावसात झाडाखाली जाऊन उभा राहतो. मी खेळातली त्याची बायको, गाणं म्हणते. माणिकअण्णा हलगीवर आधी लांबचा गडगडाट काढतात, मग जवळचा, अन् ओरडतात, "झाडाखालून निघ गा! निघ!" शिवराज ऐकत न्हाई, लोक हसतात. दुसऱ्या वेळी ऐकतो, घर जवळ न्हाई म्हणून उघड्यावरच पाय जुळवून उकिडवा बसतो. वाचतो.
संपल्यावर एक म्हातारी अण्णांना म्हणाली, "तुझी हाक ऐकून मीच उठले बघ." अण्णा जीपमध्ये खुशीत. चहा मात्र आम्हा दोघांना कपबशीत, त्यांना कागदी कपात. मी बघितलं. अण्णांनीपण.

६ मे, मंगळवार
कोळारच्या गोदामात दिवसभर लेबलं चिकटवली. पाठ गेली. सुपरवायझर म्हणे, "रविवारी नाचायला जाता म्हणं." नाचत न्हाई म्हणलं. "तेच ते."

११ मे, रविवार
जमेल तेवढं लिहिते. गावाचं नाव लिहीत न्हाई.
खेळ हॉलमध्ये ठरला होता. गेलो तर आत कुणाचातरी सत्कार. पंचायतीचा एकजण दारात आडवा आला. "तुमचं नंतर. तुम्ही दोघं व्हरांड्यात बसा. वाजवणाऱ्याला बाहेर थांबू द्या." मी म्हणलं, आभाळ बघा, वीज चमकायली, त्यांना आत घ्या. "खेळ विजेचाच हाय ना तुमचा?" म्हणून हसला. मी भांडायला लागले तर अण्णाच म्हणाले, "राहू दे. मला न्हाई यायचं." अन् मैदानात जाऊन थांबले.
वारं सुटलं. खेळ बघायला थांबलेले लोक पांगले. एक माणूस लिंबाखाली गेला, खांद्यावर टॉवेल, चाळिशीचा. गुंडप्पा. नाव मागून कळलं. पाऊस आला. अण्णा हलगी शर्टाखाली घेऊन मैदानात उकिडवे बसले अन् ओरडले, "झाडाखालून निघ गा! निघ!"
व्हरांड्यातले लोक हसले. तोपण हसला. त्याला वाटलं खेळ सुरू झाला. टाळ्या वाजवल्या त्यानं. अण्णा परत ओरडले. मी ओरडले, शिवराज पळाला तिकडं. पायरी उतरतोय तवर
सगळं पांढरं.
अण्णा आडवे पडले होते, ते उठले. गुंडप्पा उठला न्हाई. शिवराज त्याची छाती दाबत राहिला, ऑफिसवाल्यांनी शिकवलं होतं तसं, अँब्युलन्स येईपर्यंत. हॉलची लाइट गेली, माईक बंद पडला, तेव्हा कुठं आतले लोक बाहेर आले.

१२ मे, सोमवार
कामावर गेले न्हाई. अण्णांकडं. डाव्या कानानं ऐकू येईना त्यांना. भाकरी तशीच. मग म्हणाले, "हलगी वाजवायला पाहिजे होती का गं? भिजली की आवाज उतरतो म्हणून शर्टाखाली धरली मी."
मी म्हणलं, वाजवली असती तर अजूनच खेळ वाटला असता.
बरोबर बोलले का चूक, कळंना.

१५ मे, गुरुवार
ऑफिसातून फोन. साहेब म्हणाले, झालं ते वाईट, पण आता लोक ऐकतील. रविवारी पुढचं गाव घ्या. अन् गेल्या रविवारच्या गावाचापण निरोप हाय, परत या, हॉल देतो, अण्णांना शाल घालतो.
शिवराजला सांगितलं. "माणूस मेल्यावर शाल," म्हणाला अन् थुंकला. अण्णांना शालीचं सांगितलं न्हाई अजून. रविवारचं सांगितलं.

१७ मे, शनिवार
अण्णाच म्हणाले, त्याच्या घरी जाऊन येऊ. गेलो. गुंडप्पाची बायको कलावती, माझ्याच वयाची. पाणी दिलं. बसली. मग अण्णांना विचारलं, "अण्णा, तुम्ही खरं ओरडलाव, का नाटकातल्यासारखं?"
अण्णांनी उजवा कान पुढं केला. मला वाटलं, ऐकू गेलं न्हाई. मग म्हणाले, "अक्का, मला दुसरं ओरडणं येत न्हाई."
ती रडली न्हाई. म्हणाली, "त्याला तुमचा खेळ लई आवडायचा. गेल्या साली संतपूरला बघून आला होता. पोरांपुढं करून दाखवायचा, तुमच्या आवाजात."
येताना फाट्यावर जीपची वाट बघत बसलो. अण्णा म्हणाले, ओरडायचा शब्द बदलावा का? खेळात एक ठेवावा, अन् खरंच वेळ आली तर दुसरा. कोणता, म्हणलं. एक-दोन म्हणून बघितले त्यांनी, हळूच. एकबी जमंना.
उद्या खेळाला न्यायला जीप सकाळी येणार. येतो म्हणाले न्हाईत अण्णा. येत न्हाई असंबी म्हणाले न्हाईत.