पाण्याखाली आम्ही तिघं

८ जानेवारी, रविवार
आजपासून मी अंडरवॉटर फोटोग्राफर. डायव्हर तर आहेच. नऊ वर्षं बायकोबरोबर पाण्याखाली जातोय. आमच्या क्लबात बडीला, म्हणजे पाण्याखाली एकमेकांवर लक्ष ठेवणाऱ्या सोबत्याला, जोडीदार म्हणतात. माझे दोन्ही जोडीदार एकच, त्यामुळे सोयीचं पडतं.
प्लॅस्टिकच्या डबीत बसणारा छोटा कॅमेरा घेतला. फोटो सगळे निळे. मासे निळे, खडक निळे, बायको निळी. बायको म्हणाली, पाणी रंग खातं, जवळ जाऊन काढ. तिला टेक्निकल फारसं कळत नाही. दोष कॅमेऱ्याचा आहे.
संकल्प: यंदा क्लबच्या प्रदर्शनात माझा फोटो. पहिल्या भिंतीवर.

२२ जानेवारी
फ्लॅश घेतला. रंग आले, पण प्रत्येक फोटोत पांढरे ठिपके. मासा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. मास्तर (आमचे इन्स्ट्रक्टर, घरीही शिकवतच असावेत) म्हणाले, तुम्ही तळाला पाय घासता, वाळू उडते, तीच चमकते. आधी नीट तरंगायला शिका. नऊ वर्षांच्या डायव्हरला हे! हसून घेतलं. एकच फ्लॅश असल्यामुळे होतंय ते. दोन हवेत.

१९ फेब्रुवारी, सकाळ
मोठा कॅमेरा आला. त्याला ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी पेटी. पाणी शिरतं का बघायला हाउसिंग रिकामंच बादलीत बुडवलं, आत टिश्यू पेपर. बायकोला अंघोळीला बादली हवी होती. थांब म्हणालो. टिश्यू पेपर कोरडा निघाला. बायकोही कोरडीच बाहेर पडली.

२६ फेब्रुवारी
लेन्सचं झाकण लेन्सवरच राहिलं. हाउसिंगच्या आत. पाण्याखाली ते काढता येत नाही. सगळे फोटो काळे. बायको इतकी हसली की तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. पुष्कळ दिवसांनी हसली. मला हसू आलं नाही.
तरी एका काळ्या फोटोला खोली आहे.

१२ मार्च
बायको म्हणाली, एक रविवार कॅमेरा घरी ठेव ना. नुसतं बघू. पूर्वी एका खेकड्यासमोर आपण किती वेळ काढायचो, आठवतं का?
आठवतं. पण त्या खेकड्याचा फोटो कुठाय?
संकल्प: पुढचा रविवार बिनकॅमेऱ्याचा. तसा शब्द दिला.

१९ मार्च
पाणी काचेसारखं. अशा दिवशी कॅमेरा घरी ठेवणं म्हणजे गुन्हा. शब्द पुढच्या रविवारावर ढकलला. ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

२ एप्रिल
हाउसिंगच्या कडेला रबराची रिंग असते. ती पाणी अडवते. तिला लावायचं ग्रीस संपलं, म्हणून बायकोची ओठांना लावायची ट्यूब वापरली. चिकट ते चिकट.
रिंग फुगली. कॅमेऱ्यात समुद्र. तीन महिन्यांची मेहनत अक्षरशः पाण्यात गेली. बायकोला म्हणालो, ट्यूब जरा चांगल्या प्रतीची घेत जा.

१६ एप्रिल
नवा कॅमेरा, दोन फ्लॅश, त्यांना लांब दांडे. बोटीत सगळं मिळून दोन माणसांची जागा अडवतं. बायको पलीकडच्या टोकाला बसली.
एक नोंद: हल्ली फोटो काढल्याशिवाय मासा पाहिल्यासारखं वाटत नाही. काढल्यावरही विशेष काही वाटत नाही. लेन्स बदलून बघतो.

७ मे
मॅक्रो लेन्स. नखाएवढी समुद्री गोगलगाय सापडली, जांभळी. तिच्यासमोर आडवा झालो. बायकोने खांद्याला हात लावला आणि अंगठा वर केला.
पाण्याखाली अंगठा म्हणजे शाबासकी नव्हे. अंगठा म्हणजे वर चल, आत्ता. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मला माहीत आहे. पण गोगलगाय अशी काही वळली होती, मला वाटलं शाबासकीच. मीही अंगठा दाखवला. म्हणजे तिच्या लेखी, हो, चल. ती निघाली. मी गोगलगायीपाशी.
बोटीत कळलं, तिच्या नळीतून हवा गळत होती. सिलिंडर संपत आला होता. वाटेत माझी हवा घ्यावी लागेल म्हणून बोलवत होती. अर्ध्यावर वळून बघितलं तर मी नाही. एकटी वर आली. शेवटी हवा ओढावी लागत होती, म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली.
मला घाबरायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. हात गारठले होते, त्यामुळे असेल.
गोगलगाय एकदम शार्प आलीय.

८ मे, ऑफिस
लिफ्ट बंद पडल्याच्या तक्रारी नोंदवणं हे माझं काम, त्यामुळे तक्रार कशी लिहायची हे मला कुणी शिकवू नये. डायव्हिंग संघटनेला मेल टाकला: अंगठ्याची खूण फसवी आहे, बदला.
बायको भांडली नाही. भांडली असती तर उत्तरं तयार होती. सगळी वाया गेली.

२१ मे
ती म्हणते, आता तुझ्याबरोबर उतरणार नाही. राईचा पर्वत. होईल शांत.
उपाय केलाच आहे. वाइड लेन्स घेतली, पुढे मोठा काचेचा घुमट. तिला सांगितलं, आता तू पूर्ण फ्रेममध्ये मावशील. ती म्हणाली, मी मावत नव्हते असं नाही, तू बघत नव्हतास.
वाद घातला नाही. ऑप्टिक्स तिचा विषय नाही.

२८ मे, रविवार
क्लबचा नियम: जोडीदार नाही तर पाणी नाही. फळ्यावर जोड्या लिहिल्या होत्या. बायकोच्या नावासमोर दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या आत्ता आत्ता शिकल्या, घाबरतात, सारखं जोडीदाराकडे बघत राहतात. माझ्यासमोर रेघ. मास्तर म्हणाले, सगळ्यांना विचारून झालं हो. त्यांना जोडीदार हवाय, फोटोग्राफर नको.
बोटीत बसलो. मांडीवर सगळा संसार: घुमट, दांडे, दोन फ्लॅश. बोटवाल्याने दोर धरायला दिला. धरला.
ती वर आली. वर आल्यावर डायव्हरने डोक्यावर हात ठेवायचा, म्हणजे मी ठीक आहे. बोटीतल्याने तसाच हात ठेवून पोच द्यायची. तिने बोटीकडे बघून हात ठेवला. मी कॅमेरा बाजूला ठेवला, दोर सोडला आणि डोक्यावर हात ठेवला. ती माझ्या वरून बघत होती. मागे बोटवाला उभा होता, डोक्यावर हात ठेवून. त्याची पोच मिळाल्यावर तिने हात खाली घेतला आणि डॉक्टरीणबाईंकडे वळली.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हात खाली घ्यायचं सुचेना.
बोटवाल्याने विचारलं, साहेब, डोकं दुखतंय का?
हो म्हणालो.