वडिलांचा खोकला होता तेवढाच मोठा ठेवण्याबाबत

प्रति,
मा. ध्वनिपातळी अधिकारी (पद रिक्त),
स्थानिक वाहिन्या कक्ष,
यवतमाळ.

अर्जदार : अश्वजित बाबाराव मुनेश्वर, ध्वनी-ऑपरेटर, स्थानिक केबल वाहिनी, आर्णी.

विषय : कालकथित बाबाराव मुनेश्वर यांचे बोलणे होते तेवढेच हळू व खोकला होता तेवढाच मोठा प्रसारित करू देण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आपले नामंजुरीचे पत्र.

महोदय,

सदर अर्ज नामंजूर झालेला आहे. पद रिक्त असूनही नामंजुरी वेळेवर आली, याबद्दल अर्जदार कार्यालयाचा आभारी आहे. तथापि ते पत्र आलेच नाही असे उभयपक्षी समजून पुढील मजकूर वाचावा.

१. अर्जदाराचे वडील याच वाहिनीवर रोज संध्याकाळी 'उद्या नळ कोणत्या गल्लीला' हे निवेदन वाचीत. आवाज इतका हळू, की लोकांना बातमी पाणी येऊन गेल्यावर कळे. प्रत्येक गल्लीच्या नावानंतर मात्र एक खोकला, आणि तो पार बसस्टँडपर्यंत जाई. लोक खोकल्यावरून गल्ल्या मोजत. पुढे ते वारले. खोकल्यानेच.

२. पहिल्या स्मृतिदिनी मालक रजतभाऊ यांनी मोठ्या मनाने त्यांचे जुने निवेदन लावले. नियम असा, की सर्व कार्यक्रम एकाच सरासरी आवाजात जावेत व कोणताही आवाज ठरलेल्या टोकाच्या वर जाऊ नये. हे काम यंत्र करते. यंत्रापुढे अर्जदार बसतो. यंत्राने बोलणे वर ओढले, खोकला खाली दाबला, दोन्ही एका उंचीचे झाले. मीटर हिरवे होते. अर्जदाराने 'योग्य' असा शेरा मारला.

३. एवढ्या खणखणीत निवेदनावर विसंबून दुसऱ्या दिवशी गल्लीने नळाला भांडी लावली. पाणी आले नाही, कारण ते जुने पाणी होते. शेजारच्या दीपाकाकू रिकामी घागर घेऊन दारात आल्या अन् म्हणाल्या, "जित्तेपणी बाबारावभाऊ आयकू आले नाही, आता गेल्यावर नळ सोडून राह्यले काय?" घरात कोणी हसले नाही. अर्जदार ड्युटीवर गेल्यावर थोडा हसला.

४. अर्जदाराची आई, श्रीमती कौसल्याबाई, यांनी ते निवेदन ऐकून विचारले होते, "हा कोण माणूस होय रे? घराले आग लागली असती तरी तुह्या बापानं एवढा आवाज नसता काढला. अन् खोकला कुठी गेला?" अर्जदाराने मीटरचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "याले काय आयकू येते?"

मूळ ध्वनिमुद्रण मोबाईलवर ऐकवले असता त्यांनी मोबाईल परत दिला. "मोबाईल तं इथंच हाये. ते दुरून येत होते. शेवटच्या गल्लीचा खोकला आयकला का मी तव्यावर भाकर टाको." हल्ली त्या टीव्हीचा आवाज बंद करून बसतात. भाकर केव्हा टाकायची हे घरात कोणालाच ठाऊक नाही. अर्जदार सध्या पावावर आहे.

५. सरासरी पूर्ण कार्यक्रमाची धरतात, हे ध्यानात घेऊन अर्जदाराने दुसऱ्या स्मृतिदिनी गुपचूप एक उपाय केला. वडिलांच्या आधी लग्नाचा बँड जोडला, म्हणजे यंत्र बँडला दाबत बसेल आणि वडिलांकडे त्याचे लक्ष जाणार नाही. तसेच झाले. वडील हुबेहूब गेले, खोकल्यासकट. आईला टीव्हीचा आवाज सुरू ठेवायला सांगितले होते. बँड लागताच तिने टीव्हीच बंद केला. रजतभाऊंचा फोन आला, "स्मरणाच्या कार्यक्रमाले बँड? तुले काही समजते का बे?" त्या दिवशी वडिलांना फक्त अर्जदाराने ऐकले. त्याला भाकरी करता येत नाही.

करिता विनंती, की येत्या स्मृतिदिनी कालकथित बाबाराव मुनेश्वर यांना सदर नियमातून सूट द्यावी. ते शक्य नसल्यास, निवेदनापुरता उर्वरित यवतमाळ जिल्हा, नेर व बाभुळगावसह, मिक्सर, डीजे आणि कुकरच्या शिट्ट्या धरून, त्यांच्या पातळीवर खाली आणण्याचा आदेश काढावा. आणि आर्णी येथे भाकर तव्यावर पडेपर्यंत तो मागे घेऊ नये.

आपला, ठरलेल्या पातळीतला,
(सही)
अश्वजित बाबाराव मुनेश्वर
आर्णी, दि. १४ मार्च २०२५

सोबत : मूळ ध्वनिमुद्रण. त्यातील खोकला हा दोष समजून काढून टाकू नये.